चौदा वर्षांचे लघाटे सर

मृण्मयीच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे लघाटे सरांना नेमकं पोह्यांचा पहिला घास तोंडात असताना आठवायचं. मग तो घास तोंडातच फिरत राहायचा. समोर बसलेली थोरली बहीण अक्का विचारायची, "काय रे दत्तू, मीठ कमी पडलं का?" सर मान हलवायचे. ती मान होकाराची की नकाराची, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पत्र मेलबर्नहून आलं होतं. सरांची नात मृण्मयी तिथे आईवडिलांबरोबर राहते; वय तेरा. आजवर तिने आजोबांना कधी पत्र लिहिलं नव्हतं. गरजच काय होती? सौरभ, म्हणजे सरांचा मुलगा, दर रविवारी व्हिडिओ कॉल लावायचा आणि सगळे एकमेकांना जेवण झालं का ते विचारायचे. पण डिसेंबरात त्या देशात नवा कायदा लागू झाला. सोळा वर्षांखालच्या मुलांनी समाजमाध्यमांवर खातं ठेवायचं नाही. मृण्मयीचं फोटोंच्या ॲपवरचं खातं बंद झालं आणि तिने, बहुधा रागाच्या भरातच, कागद समोर ओढला. शनिवारच्या मराठी शाळेत कमावलेलं अक्षर, नव्या चपला घालून चालावं तसं शब्दाशब्दाला जरा अडखळणारं. तिने लिहिलं होतं:

"आजोबा, माझं अकाउंट गेलं. त्यात माझी चित्रं होती आणि ती बघणाऱ्या मैत्रिणी होत्या. एक चिली देशातली होती. तिचा पत्ता मला माहीत नाही. सगळे मोठे म्हणतात की हे आमच्या चांगल्यासाठी आहे. आम्हाला कोणी विचारलं नाही. तुम्ही खूप पुस्तकं वाचली आहेत. हा कायदा बरोबर आहे का? खरं सांगा. फोनवर नको, आईबाबा ऐकतात. लिहून पाठवा. मी वाट बघते."

प्रश्न सरळ होता. पण सरळ प्रश्न हेच लघाटे सरांचं जुनं दुखणं. आयुष्यभर ते इथल्या, हिंदी मुलखातल्या कॉलेजचे ग्रंथपाल होते. तिथे माणसं 'कुठे आहे' असं विचारायची आणि सर डोळे मिटून कपाट आणि खण सांगायचे. 'तुमचं मत काय' असं विचारायला त्या खिडकीशी कोणी आलं नाही, आणि आलं असतं तर सरांनी त्याला दोन बाजूंची दोन पुस्तकं देऊन स्वतः आतल्या खोलीत धूळ झटकायला पळ काढला असता.

तरी ते लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात नुसती प्रस्तावनाच झाली, आणि तीही छापखान्याच्या शोधापाशी अडकली. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी कायद्याची बाजू इतकी छान मांडली की त्यांना ती पटली. तिसऱ्यात विरोधाची बाजू मांडली, तर तीही पटली. स्वतःच्याच दोन मतांमध्ये कोणाला दुखवावं हे न कळून त्यांनी दोन्ही कागद फाडले.

पहिल्या रविवारी मृण्मयी पडद्यात डोकावली. "आजोबा, पत्र मिळालं?"

"हो, हो. लिहितोय."

पुढच्या रविवारी तिने नुसत्या भुवया उंचावल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पडद्याच्या कडेला फक्त तिचं कोपर दिसलं. मग तेही दिसेना. पल्लवी, सरांची सून, बोलता बोलता म्हणाली, "शाळेतून आली की आधी पत्रपेटी उघडून बघायची, बाबा. आता नाही बघत." पल्लवीने ते अगदी सहज सांगितलं आणि तिकडच्या उन्हाळ्याबद्दल बोलू लागली. पण सरांना त्यानंतरचं काही ऐकू आलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीने एका म्हाताऱ्यावर विश्वास टाकला होता आणि तो विश्वास रोज संध्याकाळी रिकाम्या पेटीतून परत घरी जात होता. आता तर तो पेटीपर्यंतही जाईना.

त्या दिवशी सरांनी निश्चय केला. जी वस्तू आपण पाहिलीच नाही, तिच्याबद्दल मत कसलं देता? आधी ते ॲप उघडायचं, आठवडाभर बघायचं, बंद करायचं आणि पत्र लिहायचं. एवढंच. जगातली बहुतेक संकटं 'एवढंच' या शब्दाने सुरू होतात, पण ग्रंथपालांना हे कोणत्या कपाटात शोधायचं ते माहीत नसतं.

त्यांच्या हातून दुसरी चूक अशी झाली की त्यांनी हे बक्षींना सांगितलं. अरविंद बक्षी शेजारी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सल्ला देणं हीच त्यांची पूर्ण वेळेची नोकरी होती, आणि तिला रविवारची सुट्टी नव्हती.

"घरी बिल्कुल करू नका," बक्षी म्हणाले. "ओटीपी चोरून घेतात. परवा आमच्या साडूला चांगलाच चुना लावला. फ्रीगंजच्या बाजारात पोरवाल आहे, आपला माणूस आहे. चला, मी येतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला? मी रिकामाच आहे."

हे मात्र खरं होतं.

पोरवालचं मोबाईलचं दुकान म्हणजे एक फळकूट, त्यामागे पन्नाशीचे पोरवालजी आणि त्यांच्या मागे भिंतभर लटकलेली रंगीबेरंगी कव्हरं. पोरवालजींनी सरांचा फोन हातात घेतला आणि विचारलं, "नाम?"

"दत्तात्रय गणेश लघाटे."

"इतना लंबा नहीं चलता साब. घर में क्या बोलते हैं?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारी कॉलेजातल्या दोघी मुली फोनला काच बसवून घेत होत्या. सर हळूच म्हणाले, "दत्तू."

"बढ़िया. दत्तू. जन्मतारीख?"

इथे सर थांबले. "खरी की कागदावरची?"

"अहो लघाटे, काय फालतू घोळ घालता," बक्षी म्हणाले. "कागदावरची सांगा ना."

पण घोळ फालतू नव्हता. कागदावर सरांची जन्मतारीख होती एक जुलै. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या देशाचा जन्म एक जुलैला झालेला आहे, कारण जुलैत शाळेत नाव घालताना मास्तर तिथी विचारत बसत नसत. पोर उंबऱ्यावर उभं राहिलं की तारीख ठोकून देत. ती तारीख सरांनी नोकरीभर सहीखाली लिहिली आणि दर वेळी त्यांना वाटलं की आपण सरकारशी खोटं बोलतो आहोत. आता आयुष्यात प्रथमच कोणीतरी दाखला न मागता तारीख विचारत होतं. निदान इथे तरी खरं सांगू, असं त्यांच्या मनाने घेतलं. "उद्या येतो," म्हणून ते घरी गेले, अक्काच्या पेटीतून स्वतःची जन्मपत्रिका काढली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळकुटापुढे उभे राहिले. बक्षीही आलेच.

पत्रिका इथल्याच एका ज्योतिषाने मांडलेली होती. साल अर्थातच विक्रम संवताचं, म्हणजे इंग्रजी सालाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे पळणारं. सरांनी चष्मा पुसून वाचलं, "श्रावण वद्य पंचमी, संवत दोन हजार अकरा."

मुंबई-पुण्याचा दुकानदार असता तर इथेच थांबला असता. पण पोरवालजींच्या घरी तीन पिढ्या दिवाळीला नव्या वह्यांवर संवत घालून पूजा होते. 'संवत' हा शब्द त्यांच्या कानाला इतका घरचा, की तो ऐकूच आला नाही; उरलं ते नुसतं दोन हजार अकरा.

"सावन, यानी अगस्त. तारीख पंद्रह डाल देता हूँ, याद रहेगी," असं म्हणत त्यांनी टकाटक बोटं चालवली. सर त्या वेळी तोंड फिरवून भिंतीवरची कव्हरं निरखत होते, कारण त्या काच बसवणाऱ्या मुली आज पुन्हा आल्या होत्या आणि त्यांतली एक दुसरीला 'दत्तू' असं कुजबुजल्याचा त्यांना भास झाला होता. बक्षी पोरवालजींना मुदत ठेवीबद्दल सल्ला देत होते. अशा रीतीने फ्रीगंजात, भर दुपारी, एकाहत्तर वर्षांचे लघाटे सर चौदा वर्षांचे झाले आणि तिघांपैकी कोणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

घरी येऊन सरांनी ॲप उघडलं. पडद्यावर प्रेमळ शब्दांत लिहिलेलं होतं की दत्तू, तुझी सुरक्षा आमच्यासाठी महत्त्वाची आहे, पुढे जाण्यासाठी आई, बाबा किंवा पालकांना बोलाव.

दुसरा कोणी असता तर चमकला असता. सर चमकले नाहीत. त्यांच्या ग्रंथालयातसुद्धा नव्या सभासदाला जामीन लागायचा. ओळखीच्या मोठ्या माणसाची सही आणल्याशिवाय पुस्तक मिळत नसे. उलट सरांना बरं वाटलं. एवढी मोठी कंपनी, पण नियम जुने आणि सभ्य आहेत. ते उठून स्वयंपाकघरात गेले.

"अक्का, तुला माझा जामीन राहावं लागेल."

अक्काचं वय ब्याऐंशी. सरांची पत्नी गेल्यापासून ती इथेच राहते. ती फोडणी उतरवून म्हणाली, "काय केलंस तू?"

सरांनी समजावून सांगितलं. त्यांना वाटलं होतं की अक्काला हे सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. अक्काने पदराला हात पुसले, देवघरातून स्वतःचा फोन आणला आणि म्हणाली, "आण इकडे. त्या खालच्या निळ्या बटणावर दाब. तिथे नाही रे, खाली." सरांना त्या दिवशी कळलं की अक्काचं त्या ॲपवर दोन वर्षांपासून खातं आहे, ती रोज सकाळी दारातल्या रांगोळीचा फोटो टाकते आणि कुठकुठली साडेचारशे माणसं तिला नमस्कार पाठवतात.

"मला कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" अक्का म्हणाली. एवढ्यात तिच्या फोनवर संदेश आला की तुम्ही आता दत्तूच्या पालक आहात. अक्काने तो वाचला. "हे तर मी आहेच. यात यांनी नवीन काय दिलं?"

आता खरं म्हणजे सरांनी आठवडाभर वरवर बघायचं आणि बाजूला व्हायचं, असं ठरलं होतं. पहिला दिवस तसाच गेला. मुरुमांवरचं मलम, नववीच्या गणिताची शिकवणी, उंची वाढवण्याचे व्यायाम, असल्या जाहिराती येत राहिल्या आणि जगाला आपल्या उंचीची एवढी काळजी का, हे सरांना कळेना. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना एक बाई सापडली. कुठल्याशा थंड गावात बसून ती जुनी पुस्तकं बांधायची. बोलायची नाही. नुसते हात दिसायचे. सुटलेली पानं ती बाळाला पुसावं तशी पुसायची, दोऱ्याला मेण लावायची आणि एकेक जुडी शिवत जायची. एक पुस्तक झालं की दुसरं. लघाटे सरांनी आयुष्यभर पुस्तकं बांधणीला पाठवली होती, पण बांधताना कधी पाहिली नव्हती. ते बघता बघता संध्याकाळ झाली, फिरायला जायचं राहिलं आणि अक्काने 'लक्ष ठेव' म्हणून सांगितलेलं वरण करपून काळं झालं.

मग पालकांचा हात उठला. अक्काच्या फोनवर दत्तूचा दिवसाचा हिशेब येत होता, हे सरांना माहीत नव्हतं.

"काल पावणेतीन तास काय बघत होतास?"

"पुस्तकबांधणी."

"पावणेतीन तास?"

"तीन पुस्तकं होती, अक्का."

अक्काचा विश्वास बसला नाही. तिने चष्मा चढवला, दोन ठिकाणी बोट दाबलं आणि जाहीर केलं, "अर्धा तास. तेही फिरून आल्यावर. डोळे बघ तुझे, गुंजेसारखे झालेत."

"अक्का, मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

"मग तसा वाग."

त्या संध्याकाळी बाईने पुठ्ठा कापला, कापड ताणलं, सरस घेतला, ब्रश पुस्तकाच्या पाठीवर टेकणार तेवढ्यात पडदा मिटला. आजची वेळ संपली, मोकळ्या हवेत जा, असं खाली लिहून आलं. लघाटे सरांनी फोन पलंगावर आपटला. असं त्यांनी यापूर्वी कधीही काहीही आपटलं नव्हतं. त्या आवाजाने तेच दचकले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते अक्काशी बोलले नाहीत. मग "जरा दहा मिनिटं वाढवून दे ना," असं लाडीगोडीने विचारून पाहिलं. मग तिच्या दुपारच्या झोपेत तिचा फोन शोधून पाहिला. आणि अखेर, 'काय करतोयस' या प्रश्नाला वर्तमानपत्राआडून "पेपर वाचतोय" असं धडधडीत खोटं उत्तर देऊन ते स्वतःचाच आवाज थक्क होऊन ऐकत राहिले. अक्काशी ते यापूर्वी खोटं बोलले होते ते कैऱ्यांच्या प्रकरणात, अर्ध्या चड्डीत असताना.

ॲपलासुद्धा बहुधा त्यांची दया आली असावी. त्याने विचारलं, एकटं वाटतंय का? विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाशी बोल. सरांनी मान वर करून पाहिलं. मोठं माणूस शेंगा सोलत बसलं होतं.

हा घोळ बक्षींनी उघडकीला आणला. ते साखर मागायला आले होते, पण फोन बघून साखर विसरले.

"लघाटे, तुम्हाला यात कुलूप का? मला तर नाही." त्यांनी इकडेतिकडे दाबून पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "पंधरा ऑगस्ट दोन हजार अकरा? अहो, तुम्ही तर अल्पवयीन आहात!"

सरांना क्षणभर काही कळेना. मग पत्रिका, संवत, पोरवाल, सगळं एकदम कळलं आणि ते हसले. बक्षी हसले नाहीत.

"हसू नका. हे गंभीर आहे. म्हातारा माणूस चौदा वर्षांचा पोरगा बनून ॲपवर बसलाय. पेपरात रोज काय येतं? वाचत नाही का तुम्ही?"

सर वाचत होते. त्यांचं हसू जिथल्या तिथे वाळलं. लहान मुलगा बनून लोकांना फसवणारे म्हातारे, त्यांच्या तोंडावर टाकलेले काळे रुमाल, आजूबाजूला पोलीस, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं. शेवटच्या चित्रात रुमालाआडून त्यांचाच चष्मा दिसत होता. आणि ही बातमी मेलबर्नला पोचली तर? पत्राला उत्तर नाही ते नाही, वर आजोबा पकडले गेले!

दुरुस्ती तातडीने हवी होती. आधार कार्डाचा फोटो पाठवला. ॲपने कळवलं की नाव जुळत नाही. कार्डावर दत्तात्रय गणेश, खात्यावर दत्तू. मग चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवायचा पर्याय निघाला. बक्षींनी सूत्रं हातात घेतली. सरांना निरोप समारंभाचा कोट घालायला लावला. थंडी होती म्हणून सरांनी कानटोपी ठेवली.

"आता डावीकडे वळा. उजवीकडे. जरा वय दिसू द्या. एवढं नको, आजारी वाटता. गंभीर व्हा. नाही नाही, एवढे गंभीर नको, तुरुंगातला फोटो वाटतोय."

तीनदा व्हिडिओ झाला. तिन्ही वेळा उत्तर आलं की वयाची खात्री पटली नाही, कृपया पालकांची मदत घ्या. आपल्या सुरकुत्यांवर अविश्वास दाखवला गेल्याचं दुःख काय असतं, हे ज्याने कोट घालून सोसलं त्यालाच कळेल.

"आता एकच उपाय," बक्षी म्हणाले. "सायबर ठाण्यात जायचं आणि स्वतःहून सांगून टाकायचं. स्वतःहून सांगितलं की शिक्षा कमी होते."

रात्रभर कूस बदलून सर सकाळी कोट घालून तयार झाले. बघतात तर अक्का नवी शाल पांघरून दारात उभी.

"तू कुठे?"

"अज्ञान मुलाला ठाण्यात एकटं पाठवतात का?" असं म्हणून ती ई-रिक्षात आधी चढून बसली. बक्षी ड्रायव्हरशेजारी बसले, म्हणजे रस्त्यातले सल्ले त्याला.

ठाण्यात कोपऱ्यातल्या टेबलाशी एक महिला अधिकारी होत्या. छातीवरच्या पट्टीवर नाव, प्रतिभा चौहान. समोर कागदांचा ढीग आणि गार झालेला चहा.

"शिकायत किसके खिलाफ है?"

"मेरे," सर म्हणाले.

"आपके खिलाफ. ठीक. करनेवाला कौन है?"

"मैं ही हूँ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "और ये माताजी?"

"मैं इसकी गार्जियन," अक्का म्हणाली.

बक्षी खाकरून पुढे सरले. "मैडम, मामला ये है कि..."

"आप कौन?"

"पड़ोसी."

"आप बाहर बैठिए," बाई म्हणाल्या. अनेक वर्षांत बक्षींना असं कोणी सांगितलं नव्हतं. ते खरोखरच बाहेर जाऊन बसले.

मग सरांनी सगळं सांगितलं. शुद्ध हिंदीचा प्रयत्न सुरुवातीपासून होता, पण ती मध्येच मराठीची वाट धरत होती. नात, पत्र, कायदा, पत्रिका, संवत, अक्का, वरण. बाई आधी गालात हसत होत्या, मग तोंडावर फाईल धरून हसल्या, आणि पत्राचं ऐकता ऐकता त्यांचं हसू थांबलं.

"गुनाह-वुनाह कुछ नहीं है बाबूजी. किसी को मैसेज किया? पैसे माँगे? नहीं ना? कंपनी को अर्जी भेज दीजिए, नहीं तो खाता बंद कर दीजिए." त्यांनी चहाचा पेला उगाच फिरवला. "मेरी बेटी बारह की है. फोन छीन लूँ तो खाना छोड़ देती है. दे दूँ तो मुझे छोड़ देती है. आप तो पढ़े-लिखे हैं, दोनों तरफ से देख आए. आप बताइए, ऐसा कानून अपने यहाँ भी आना चाहिए कि नहीं?"

पुन्हा तोच प्रश्न. सरांनी सवयीने आतल्या खोलीकडे पाहिलं, पण ते ठाणं होतं आणि आतली खोली कोठडी होती. पळायला जागा नव्हती.

"मैडम," ते म्हणाले, "मालूम नहीं."

आणि आकाश कोसळलं नाही. म्हणून सर पुढे बोलले. "चालू था तो दाल जल गई, मैं बहन से झूठ बोला. बंद हुआ तो ऐसा गुस्सा आया कि क्या बताऊँ. दोनों बात सच है. अब इस पर कानून कैसा बने, मुझे सच में मालूम नहीं. पर बंद करने से पहले कोई पूछ लेता, तो इतना बुरा नहीं लगता."

बाईंनी गार चहा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "मैंने भी पूछा नहीं उससे. सीधे छीन लिया." आणि त्यांनी दुसऱ्या तक्रारदाराला हाक मारली.

बाहेर पडताना अक्का म्हणाली, "दत्तू, हेच लिही ना पोरीला."

"काय?"

"हेच, आत बोललास ते. एवढे दिवस कागद फाडतोयस. केराची टोपली मीच रिकामी करते ना?" मग जरा थांबून, दुसरीकडे बघत ती म्हणाली, "आणि ते कुलूप लावलं तेव्हा मीही तुला विचारायला हवं होतं. ती बाई पुस्तकाला सरस लावत होती म्हणे."

"लावणारच होती," सर म्हणाले.

"संध्याकाळी दोघं बघू. मला दाखव कशी बांधते ती."

बक्षी पुन्हा ड्रायव्हरशेजारी बसले, आणि सरांनी रिक्षा देवास गेटच्या पोस्टाकडे वळवायला सांगितली. घरी जाऊन लिहू असं म्हटलं की काय होतं, ते आता भावाबहिणीला दोघांनाही माहीत होतं. पोस्टातल्या बाकावर, डिंकाने चिकट झालेल्या टेबलाशी बसून लघाटे सरांनी मसुदा न करता पत्र लिहिलं. अक्का शेजारी बसून भिंतीवरचा बचत योजनांचा फलक वाचत होती. "मी बघत नाहीये," असं ती मधून मधून सांगत होती.

"चि. मृण्मयी,

तुला उत्तर द्यायला फार उशीर झाला. कारण मला उत्तर येत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती. हा कायदा बरोबर आहे का, ते मला माहीत नाही. मी ते ॲप उघडून पाहिलं. एक बाई पुस्तकं बांधते, ते बघताना मी इतका रमलो की वरण करपवलं आणि तुझ्या अक्काआजीशी खोटं बोललो. म्हणजे मोठी माणसं ज्याला घाबरतात ते खोटं नाही. मग मला न विचारता ते माझ्यावर बंद झालं. मी फोन आपटला आणि अर्धा दिवस कोणाशी बोललो नाही. म्हणजे तुझं म्हणणंही खरं आहे.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. ते कोणी केलं नाही, म्हणून आता मी विचारतो. ती चिलीची मुलगी कशी होती? ती कसली चित्रं काढायची? तुझी चित्रं मी कधी पाहिली नाहीत, आणि पाहायची आहेत असं बोललोही नाही. एखादं पाठव. घडी पडली तरी चालेल, आता मला घड्या नीट करता येतील असं वाटतं.

मीही वाट बघतो.

तुझा आजोबा"

"वाचून दाखवतोस?" अक्काने विचारलं.

"नाही."

"बरं," अक्का म्हणाली, आणि तिला राग आला नाही.

खिडकीवर तिकिटं लावून झाली. बाहेर लाल पेटी होती. सरांनी पाकीट फटीत सरकवलं, ते आत पडल्याचा आवाज ऐकला आणि त्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं: 'तुझं म्हणणंही खरं आहे' या वाक्यात 'कदाचित' घालायचं राहिलं होतं. एवढं ठाम वाक्य त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि फटीत हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि अडला. खाली, बोटांच्या पलीकडे कुठेतरी, पत्र पडलं होतं.

"दत्तू, हात काढ," रिक्षातून अक्का ओरडली. "लोक बघतायत."

सरांनी हात काढला. मनगटावर लाल वळ उठला होता. तो चोळत ते रिक्षात चढले. पत्र 'कदाचित'शिवायच निघालं.